शॅमेलिऑनने खाणं सोडलं? आधी टाच बघा

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मागच्या गणपतीत मुलाच्या हट्टामुळे त्यांनी शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, आणला. तेव्हा तो बोटाएवढा होता, आता दहा महिन्यांचा झालाय. येमेनकडची व्हेल्ड जात, डोक्यावर उंच तुरा. नाव राजा. रोज दहा-बारा रातकिडे फस्त करणाऱ्या राजाने गेले नऊ दिवस एकही किडा घेतलेला नाही. तो माशांच्या दोन फुटी काचेच्या टाकीत, खिडकीजवळ राहतो. दिवसा वर पिवळा बल्ब, रात्री लाल बल्ब, प्यायला वाटीत पाणी. दोन दिवसांपासून तो फांदी सोडून टाकीच्या तळाशी फिरतो आणि कोपरे खरवडतो. परीक्षा संपल्यापासून मुलगा त्याच्यापुढेच बसून आहे. सासूबाई म्हणतात, "हाई जनावर काहीच खास नही, मरी जाई." (हे जनावर काहीच खात नाही, मरून जाईल.) ताईंनी विचारलंय, तोंड उघडून ड्रॉपरने दूध किंवा अंड्याचा बलक पाजू का?

ताई, नका पाजू. बाकी सगळं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आत्ताच लक्षात घ्या. शॅमेलिऑनच्या तोंडात खालच्या बाजूला त्याची लांबलचक जीभ एका हाडावर चुण्या पडल्यासारखी गोळा होऊन बसलेली असते आणि श्वासनळीचं तोंड तिथेच जवळ असतं. ड्रॉपर जरा चुकला की पातळ पदार्थ थेट फुप्फुसात जातो. दूध तर त्याला पचतच नाही. शिवाय कॅल्शियम कमी पडलेला असेल तर जबडा मऊ झालेला असतो आणि तोंड उघडायच्या झटापटीत तो मोडतो. असे जबडे मी बघितले आहेत. जबरदस्तीने भरवण्याची वेळ क्वचित येते, पण ती डॉक्टरसमोर, अंगात पाणी भरून झाल्यावर आणि शरीर नीट उबेत आल्यावर. थंड पडलेल्या किंवा सुकलेल्या जनावराच्या पोटात अन्न ढकललं तर ते तिथेच सडतं.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे: तळाशी फिरतो आणि कोपरे खरवडतो. म्हणून आधी एक काम करा. राजाला हातात न घेता, तो काचेवर चढायला बघेल तेव्हा त्याच्या मागच्या पायाची टाच बघा. चिमट्यासारख्या पंजाच्या मागे, टाचेवर, एक छोटा मांसल त्रिकोणी काटा आहे का? कोंबड्याच्या पायामागे असतो ना, साधारण तसा, पण लहान आणि बोथट. या जातीच्या नराला हा काटा अंड्यातून बाहेर येतो तेव्हापासून असतो. मादीची टाच सपाट असते. दुकानदार काय म्हणाला, रंग किती भडक आहे, तुरा किती उंच आहे, यावर जाऊ नका. मादीलाही तुरा असतो.

टाच सपाट निघाली, तर तुमची ही मादी आहे आणि बहुतेक तिच्या पोटात अंडी आहेत. नर कधी जवळही आला नसेल, तरी आहेत. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते तशीच ही मादी घालते. त्यांतून पिल्लं निघत नाहीत, पण घालावी तर लागतातच. पाच-सहा महिन्यांपासून पुढे कधीही हे सुरू होऊ शकतं. अंडी पिकत आली की पोटात जागा उरत नाही, खाणं कमी होत होत बंद होतं, पाणी मात्र ती भरपूर पिते. मग एक दिवस फांदीवरून खाली उतरते आणि जमीन शोधायला लागते. तुमच्या काचेच्या टाकीत जमीनच नाही. ती खरवडते ती काच.

आठ-नऊ वर्षांपूर्वी पारोळ्याकडून एका मुलाने असाच एक "नर" माझ्याकडे आणला होता. तेव्हा माझा बहुतेक दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये जायचा. सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम म्हणजे सर्पमित्रांनी आणलेल्या जखमी धामणी आणि घोरपडी, एवढंच. मुलगा म्हणाला नर, मीही नर धरला. खात नाही म्हणून सलाईन दिलं, टॉनिक दिलं, पातळ खाणं भरवलं, दोन दिवसांनी परत बोलावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो रुमालात गुंडाळून घेऊन आला. पोट उघडलं तर आत ४३ अंडी, पूर्ण कवच धरलेली, एकमेकांना चिकटलेली. वाळूची एक बादली मिळाली असती तर कदाचित ती जगली असती. त्या दिवसापासून माझ्याकडे कुठलाही शॅमेलिऑन आला की मी आधी मागचा पाय बघतो. तुम्हालाही पहिली गोष्ट तीच सांगितली, ती म्हणूनच.

आता बादली कशी करायची ते नीट सांगतो, कारण यात घाई झाली की मादी अंडी आत धरून ठेवते. घराला रंग दिल्यावर उरते ती २० लिटरची प्लास्टिकची बादली घ्या आणि स्वच्छ धुवा. रंगाचा वास अजिबात राहता कामा नये. नदीची बारीक वाळू चाळून, तीन-चार वेळा धुऊन घ्या. तिच्यात थोडी पोयटा माती मिसळली तरी चालते, पण शेतातली नको, तिच्यात खत आणि औषधं असतात. वाळू निदान ३० सेंमी खोल भरा. ओल किती? मूठ आवळली तर लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. मग मधोमध बोट खुपसून बोटाएवढं बीळ करा. बीळ ढासळलं तर पाणी कमी आहे, तळाशी पाणी साचलं तर जास्त. बीळ तसंच उभं राहिलं की बादली तयार. बादलीत एक फांदी तिरकी सोडा, म्हणजे तिला उतरता-चढता येईल.

बादली मावेल असा पिंजरा तुमच्याकडे सध्या नाही. तेव्हा बादली एखाद्या मोठ्या खोक्यात ठेवा, तोंडावर जाळी लावा, एका बाजूला दिवा ठेवा आणि मादीला त्यात सोडा. मग खोक्याला चादर घाला. हा भाग मुलाला समजावून सांगणं सगळ्यात अवघड जाईल, पण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे: तिने तुम्हाला बघता कामा नये. खणताना माणूस दिसला की ती बीळ अर्धवट सोडते आणि पुन्हा तिथे जात नाही. चादरीला एक छोटी फट ठेवा, दिवसातून दोनदा तिथून बघा, बस्स. ती एक-दोन बिळं खणून सोडून देईल, एखादी रात्र बिळातच झोपेल. घाबरू नका. अंडी घालून झाली की ती उलटी फिरून मागच्या पायांनी वाळू दाबून बीळ बुजवते. इतक्या मन लावून करते की मी तासभर त्या फटीशी बसून राहिलोय. बीळ बुजवून ती वर फांदीवर आली, पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबलं, की काम झालं. मग भरपूर पाणी द्या, दोन-चार दिवस कॅल्शियम लावलेले किडे पोटभर द्या. अंडी उकरून काढून टाका.

खणायला लागून दोन-तीन दिवस झाले आणि अंडी नाहीत, किंवा ती दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहते, पाय धरवत नाहीत, कळा देते पण काही बाहेर येत नाही, तर मग वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर. एक्स-रे काढून अंडी किती आणि कशी आहेत ते बघावं लागतं, कॅल्शियम आणि द्रव द्यावं लागतं, कधी शस्त्रक्रियाही लागते. गाय अडली की देतात तेच इंजेक्शन हिलाही द्या, असं कोणी सुचवलं तर एक्स-रेशिवाय आणि कॅल्शियमशिवाय ते घेऊ नका. अंडं अडकलेलं असेल तर त्याने आतून फाटतं.

आणि ही वेळ पुन्हा पुन्हा कमी यावी असं वाटत असेल तर पुढे तिचं खाणं आणि ऊब दोन्ही आवरा. पूर्ण वाढ झालेल्या मादीला एक दिवसाआड तीन-चार किडे खूप झाले. दिव्याखालची जागा २७ अंशांच्या आसपास ठेवा. पोटभर खाणाऱ्या, खूप उबेत राहणाऱ्या मादीच्या पोटात एका वेळी ६० - ७० अंडी धरतात. आवरून वाढवलेली २० - ३० वर थांबते आणि जास्त जगते. माया म्हणून जास्त भरवणारे लोक मी नेहमी बघतो. त्यांना हे पटवणं जड जातं.

आता दुसरी शक्यता. टाचेला काटा आहे, राजा खरोखरच राजा आहे. मग माझा पहिला संशय तुमच्या टाकीवर आणि आपल्या उन्हाळ्यावर आहे.

येमेन म्हटलं की लोकांना वाळवंट दिसतं आणि वाटतं, मग याला अमळनेरचं ऊन काय लागणार! हा प्राणी येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातल्या डोंगरांतला, पठारांवरचा, झाडाझुडपांच्या दऱ्यांतला आहे. तिथे रात्री चांगला गारवा पडतो, पहाटे दव असतं. त्याला दिवसा २४ ते २८ अंशांची हवा आणि ऊन खायला २९ ते ३१ अंशांची एक फांदी लागते. रात्री त्याहून बरंच गार. खान्देशात एप्रिल-मे महिन्यात पारा ४३ - ४४ च्या घरात जातो आणि स्लॅबच्या घरात खोलीच ३६ - ३७ ला असते. त्यात काचेची टाकी, त्यात खिडकीचं ऊन, त्यावर दिवसभर बल्ब. टाकीच्या आत एक जागा अशी नसेल जिथे तो गार होऊ शकेल. तोंड उघडं ठेवून बसतो का? रंग एकदम फिका, पिवळसर पडतो का? ते उकाड्याने हैराण झाल्याचं लक्षण आहे. ३५ च्या पुढे काही तास गेले तर नुसतं खाणं सुटण्यावर भागत नाही.

त्यामुळे आज दुपारीच पिवळा बल्ब बंद करा. या दिवसांत सकाळी उठल्यावर दीड-दोन तास पुरे. लाल बल्ब कायमचा काढून टाका. त्याला लाल उजेड दिसतो, झोप होत नाही, आणि रात्री गार होण्याची त्याची एकमेव संधीही जाते. टाकी खिडकीपासून हलवा. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि सेन्सर तो बसतो त्या फांदीवरच बांधा. टाकीच्या भिंतीला चिकटवलेला तापमानाचा काटा काहीच सांगत नाही.

कूलर असलेल्या खोलीत पिंजरा ठेवला तर आपल्याकडे दोन फायदे होतात. हवा गार होते आणि कोरड्या हवेत ओल येते. फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. लाइट गेली तर पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओलं गोणपाट टांगा, दोन बाजू हवेला मोकळ्या ठेवा. तुमच्या सासूबाईंची खोली जुन्या धाब्याची असेल तर उन्हाळ्यापुरता त्याला तिथेच नेऊन ठेवा. माठाशेजारची जागा म्हणजे घरातली सगळ्यात गार जागा, हे त्यांनाही माहीत असेल.

टाकीविषयी माझं मत पक्कं आहे: ती माशांसाठी ठेवा. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि हा प्राणी एकटा राहणारा आहे. समोर दिवसभर दुसरा नर उभा आहे असं त्याला वाटत राहतं, तो फुगतो, रंग गडद करतो, आणि अशा ताणात खाणं सुचत नाही. कुठलाही सुतार लाकडी चौकटीचा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच पिंजरा करून देईल. जाळी प्लास्टिकचा मुलामा असलेली घ्या, उघड्या तारेत नखं अडकून तुटतात. आत आडव्या-तिरक्या फांद्या आणि दाट पाला. मनीप्लांट आणि जास्वंद उत्तम. जास्वंदीची पानं-फुलं तो कुरतडतोही, ती खाऊ द्या. ही जात थोडा पाला खातेच. पिंजरा उंचावर ठेवा, म्हणजे त्याची नजर माणसांच्या डोक्याच्या वर राहील. खालून वर बघावं लागलं की तो सतत भेदरलेला असतो.

पाण्याचं तर मला उन्हाळ्यात रोज कोणाला ना कोणाला सांगावं लागतं. वाटीतलं साचलेलं पाणी शॅमेलिऑनला बहुतेक वेळा पाणी म्हणून कळतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब कळतो. मी घरच्यांना सलाईनचा नवा सेट आणायला सांगतो. औषधाच्या दुकानात मिळतो. स्वच्छ बाटलीला तो लावा, बाटली पिंजऱ्याच्या वर टांगा आणि चाक फिरवून सेकंदा-दोन सेकंदाला एक थेंब मनीप्लांटच्या मोठ्या पानावर पडेल असं करा. खाली डबा ठेवा. मग पाच पावलं मागे सरकून बसा. पहिली काही मिनिटं तो हलणार नाही. एक डोळा तुमच्यावर, एक डोळा थेंबावर. मग हळूहळू झोके घेत पुढे येईल, पानाच्या टोकाशी थेंब जमेल, तो जिभेचं टोक लावेल, थांबेल, आणि एकदा सुरू झाला की दहा-दहा मिनिटं पीत राहील. तुमच्या नऊ दिवसांतले किती दिवस तो तहानलेला होता ते त्यावरून कळेल. याशिवाय पहाटे आणि रात्री दिवे बंद झाल्यावर पानांवर बारीक फवारा मारा. दुपारी सगळं कोरडं झालेलं बरं.

शीचा पांढरा भाग बघा. तो पांढरा असेल तर पाणी पुरतंय. केशरी-पिवळा, खडूसारखा कडक असेल तर शरीर सुकलंय. महिनोन्महिने असंच चाललं तर मूत्रपिंडं जातात, सांधे सुजतात, आणि तिथून परत आणणं फार कठीण असतं.

पाणी आणि ऊब दोन-तीन दिवस नीट झाल्यावरच खाणं पुढे करा, आणि तेव्हा तो कसं नाकारतो ते बारकाईने बघा. मला तपासणीत याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. एखादा जिवंत किडा फांदीवर, त्याच्यापासून वीतभर अंतरावर चालू द्या. त्याने बघितलंच नाही, डोळा वळवून पुन्हा मिटला, तर ते उकाडा, ताण, अंडी किंवा आतला आजार. पण दोन्ही डोळे किड्यावर रोखले, मान पुढे काढली, तोंड किंचित उघडलं, जिभेचा गुलाबी गोळा दिसला आणि तो तसाच थांबला, किंवा जीभ सुटली पण अर्ध्यावर पडली, तर त्याला भूक आहे आणि जीभ चालत नाही. निरोगी शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडाच्या दीड-दोन पट लांब जाते. ती स्नायूंच्या झटक्यावर सुटते आणि स्नायूला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम कमी पडलं की जीभ आधी बोलते, पाय नंतर वाकतात. नेम धरून वारंवार चुकत असेल तर डोळा किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता बघायची. तोंडात आतून पिवळसर पू किंवा लाली दिसली तर तोंड पिकलंय.

कॅल्शियमचं थोडक्यात. रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, म्हणून प्रत्येक वेळी किड्यांना साधी, फॉस्फरस आणि डी३ नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पावडर हलकीशी लावायची. डबीत किडे आणि चिमूटभर पावडर घालून हलवायचं, पांढरेफटक करायचे नाहीत. डी३ आणि अ जीवनसत्त्व असलेली पावडर महिन्यातून दोनदा. माणसांसाठी डी३ची ६०,००० युनिटची पुडी मिळते, ती कृपा करून वापरू नका. एका घरातून तशी दिलेली मला माहीत आहे. एवढ्याशा जीवाला तो डोस म्हणजे विष, कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत जाऊन साचतं. आणि नुसती पावडर पुरत नाही. शरीराला ती वापरता यावी म्हणून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते जवळजवळ नसतातच, तुमच्या पिवळ्या बल्बमध्येही नसतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब घ्या. फांदी आणि ट्यूबमध्ये २० ते २५ सेंमी अंतर ठेवा, मध्ये काच-प्लास्टिक नको, आणि वर्षाने ट्यूब बदला. उजेड दिसत राहतो, किरण संपलेले असतात. तोवर सकाळी आठच्या आत अर्धा तास जाळीच्या पिंजऱ्यात खरं ऊन द्या, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवायची नाही, पंधरा मिनिटांत जीव जातो.

रातकिड्यांशिवाय खायला काय देता, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे बहुतेक घरांत रातकिडे संपले की मुलं शेतातून नाकतोडे धरून आणतात. हे थांबवा. खान्देशातलं शेत म्हणजे कापूस, केळी, मिरची, आणि या तिन्हींवर फवारणी होते. नाकतोडा फवारणीनंतरही दिवसभर उडत असतो, ते विष त्याच्या अंगावर आणि पोटात असतं. खांबावरच्या दिव्याखाली पडलेले किडेही नकोत, घरातलं झुरळ तर अजिबात नको, त्याने कुठल्या घरातलं झुरळं मारायचं जेल खाल्लंय कोणाला माहीत. पावसाळ्याच्या तोंडाला सातपुड्याकडे काजवे दिसतात. एक काजवाही सरड्याला मारू शकतो, त्यात हृदयावर काम करणारं विष असतं. ही गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. पाळलेले रातकिडे, खाद्यासाठीच पाळतात ती डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आणि मिळाल्या तर रेशीमअळ्या द्या. शेवटच्या दोन्हींचा एक फायदा असा की रोज तेच तेच रातकिडे बघून कंटाळलेला शॅमेलिऑन अळीला चटकन जीभ मारतो. तो खरंच कंटाळतो. किड्याची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको.

किडे द्यायच्या आधी एक दिवस त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घाला. उपाशी रातकिडा म्हणजे रिकामी पुडी. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. न खाल्लेले किडे संध्याकाळी वेचून काढा, रात्री ते झोपलेल्या शॅमेलिऑनलाच चावतात.

आणि नर असेल तर एक दिलासा. आठ-दहा महिन्यांचा झाल्यावर त्याची वाढ मंदावते आणि भूक आपोआप उतरते. रोजचे बारा रातकिडे त्याला आता नकोच आहेत. एक दिवसाआड चार-पाच पुरतात. कात टाकायच्या आधी एक-दोन दिवस तो खात नाही, तेही ठीक. पूर्ण वाढलेला, पाणी पिणारा, डोळे उघडे ठेवून फांदी घट्ट धरून बसणारा शॅमेलिऑन आठवडा-दीड आठवडा खाल्लं नाही म्हणून मरत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाची गोष्ट वेगळी, ते एवढे दिवस काढू शकत नाही. अंदाज नको, वजन करा. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. काट्यावर फांदीचा तुकडा ठेवून काटा शून्यावर आणा, मग त्याला फांदीवर चढू द्या. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, आणि वहीत तारखेसह लिहायचं. आधीच्या वजनाचा दहावा हिस्सा कमी झाला की मला कळवा.

दिवसा डोळे मिटलेले राहणं, फांदीवरून पडणं, मान वर करून तोंड उघडून श्वास घेणं, नाका-तोंडाशी बुडबुडे, सुजलेले सांधे, दाबल्यावर लवणारा जबडा: यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. येताना ताजी शी स्वच्छ डबीत आणा, लगेच निघता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, पण एका दिवसाच्या आत पोचवा. पोटातले जंत आणि कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. ते बघितल्याशिवाय शेळीचं जंताचं औषध अंदाजाने पाजू नका. डोळ्यांना दिसत नाही असा डोस त्याला पुरतो आणि तेवढाच जास्तही होतो. माझ्याकडे धुळ्याला आणायचं असेल तर दुपारी नको. पहाटेची पहिली गाडी धरा, हवा जाणारी भोकं पाडलेल्या खोक्यात आडवी काठी बसवा, वर ओलसर कापड टाका, आणि खोकं मांडीवर ठेवा, डिकीत नाही. शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेली तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यावं लागेल, तेही रात्रीच्या गाडीने.

एक कायद्याची बाब. तुम्ही व्हेल्ड लिहिलंय आणि तुरा उंच आहे म्हणता, म्हणून हे सगळं लिहिलं. पण कोणी शेताच्या बांधावरून, बाभळीवरून धरलेला आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, पाळत असेल, तर तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्याला त्यांच्या ताब्यात द्या. परदेशी शॅमेलिऑनचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराने पावती-कागद दिले असतील तर ते शोधून ठेवा. दिले नसतील तर त्याच्याकडे मागा.

आता आजचं काम. बल्ब बंद करा, टाकी खिडकीपासून काढा, सलाईनचा सेट लावा. मग टाच बघा. सपाट असेल तर रात्रीपर्यंत वाळूची बादली तयार करून तिला त्यात सोडा आणि चादर घाला. काटा असेल तर तीन दिवस फक्त पाणी आणि गारवा, चौथ्या दिवशी एक अळी. दोन्ही टाचांचा, शीचा आणि पोटाचा बाजूने काढलेला फोटो आणि आजचं वजन मला रात्री पाठवा. वहीत पहिली नोंद मुलालाच लिहू द्या. सासूबाईंना सांगा, अजून मरायला टेकलेला नाही.